वादळानंतरचा सब्र



सर्व स्तुती अल्लाहचीच, जो वारे पाठवितो, ढगांना हाकून नेतो आणि निर्जीव झालेल्या जमिनीला पुन्हा जिवंत करतो. दरूद व सलाम असो त्याचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सोबत्यांवर.

मृग नक्षत्र जवळ आले की कोकण किनाऱ्यावरचा माणूस समुद्राकडे आणि आभाळाकडे पाहू लागतो. पूर्वी या पाहण्यात पावसाची आस असे. ३ जून २०२० नंतर त्यात भीतीही मिसळली. त्या दिवशी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली पंचतन, म्हसळा, मुरूड आणि खाडीपलीकडचे बाणकोट, मंडणगड, दापोली, हर्णै या परिसरातील वाचकांना त्या दिवसाचे वर्णन ऐकविण्याची गरज नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो.

शव्वालचा दहावा दिवस होता. टाळेबंदीमुळे रमजान ईदची नमाज लोकांनी घरीच अदा केली होती. मशिदी सामुदायिक नमाजीसाठी बंद होत्या, रोजगार थांबले होते, मुंबईचे अनेक चाकरमानी गावी परतले होते आणि आखाती देशांतील कित्येक कर्ते पुरुष तेथेच अडकून पडले होते. अशा वेळी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे जुहरच्या वेळेस, ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा किनारा ओलांडून आत शिरला. कौले उडाली, पत्रे कागदासारखे भिरभिरले, विजेचे खांब आडवे झाले. माणसे घराच्या आतल्या खोलीत लेकराबाळांना जवळ घेऊन कलिमा पढत बसली. वारा शमल्यावर दार उघडले, तेव्हा समोरची वाडी नाहीशी झाली होती. पिढ्यान्‌पिढ्यांचे माड आणि पोफळी एकमेकांवर पडल्या होत्या. फोन लागत नव्हता. मुलगा दोह्यात असो की मुंब्र्यात, आईवडील जिवंत आहेत की नाहीत हे त्याला कळावयास मार्ग नव्हता. कित्येक गावांत आठवडे उलटले तरी वीज आली नाही.

वादळ काही तासांचे होते. परंतु त्या वादळाने घेतलेली परीक्षा काही तासांची नव्हती. ती आजही पुरती संपलेली नाही. याच परीक्षेविषयी आज आपणाशी बोलावयाचे आहे.

फळांचे नुकसान

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये (आयत १५५ ते १५७) अल्लाहने श्रद्धावंतांना आधीच सांगून ठेवले आहे की, भय, भूक, मालमत्तेची हानी, जीवितहानी आणि फळांचे नुकसान यांद्वारे तो त्यांची परीक्षा घेईल. या यादीत फळांचा उल्लेख वेगळा आला आहे, हे आपण वाचताना सहज ओलांडून जातो. मालमत्तेत फळे येतातच. मग त्यांचे वेगळे नाव कशासाठी? ज्याने झाड वाढविले आहे, त्याला याचे उत्तर ठाऊक असते. पैसा गेला तर माणूस पुन्हा मिळवितो. झाड गेले तर त्यात घातलेली वर्षे जातात, आणि ती विकत मिळत नाहीत.

श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळीचे रोप लावल्यापासून पहिला घड हाती यावयास सहासात वर्षे लागतात. माडालाही जवळपास तितकीच, आणि तो भर उत्पन्नात यावयास त्याहून अधिक. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, हजचा संकल्प, घराची शाकारणी, हे सर्व त्या वाडीच्या भरवशावर चालत होते. वाऱ्याने एका वर्षाचे पीक नेले नाही. पुढच्या दहा वर्षांचे नेले. शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली. मोठ्या शेतीच्या प्रदेशात हेक्टरची भाषा शोभते. कोकणात वाडी गुंठ्यांत मोजली जाते आणि एका गुंठ्याच्या वाट्याला या हिशेबाने ५०० रुपये येतात, तर एका गुंठ्यात डझनभर पोफळी सहज असतात. पुढे झाडांच्या संख्येवर मदत देण्याचाही निर्णय झाला. तरीही कोणतीही मदत गेलेल्या वर्षांची भरपाई करू शकत नाही, हे देणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही.

मग अशा माणसाला आपण सहज सांगतो, “भाई, सब्र करा.” हा शब्द उच्चारताना आपण त्याला नेमके काय करावयास सांगत असतो?

सब्र म्हणजे काय?

प्रेषित (स.) एकदा एका कबरीजवळ रडत असलेल्या स्त्रीपाशी थांबले व तिला अल्लाहचे भय बाळगून सब्र करावयास सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही आणि आपले दुःख तुमच्यावर आलेले नाही, असे उत्तर दिले. नंतर ओळख पटताच ती त्यांच्या दारी आली, तेव्हा त्यांनी तिला समजाविले की खरा सब्र आघाताच्या पहिल्या क्षणीचा असतो (बुखारी). वाडी आडवी झालेली पाहून ज्याच्या मुखातून पहिला शब्द ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ असा निघाला, त्याने त्या क्षणीची परीक्षा पार केली. डोळ्यांत पाणी आले म्हणून सब्र मोडत नाही. पुत्र इब्राहीम यांच्या निधनसमयी स्वतः प्रेषितांचे (स.) डोळे भरून आले होते.

परंतु पहिल्या क्षणानंतर दुसरा दिवस उजाडतो, मग दुसरा महिना आणि दुसरे वर्ष. अरबी भाषेत ‘सब्र’ या शब्दाच्या मुळाशी रोखून धरणे, बांधून ठेवणे हा अर्थ आहे. घाबरून पळू पाहणाऱ्या मनाला कर्तव्याच्या जागी बांधून ठेवणे, हा सब्र. हात गुडघ्यांत घेऊन बसण्याला सब्र म्हणत नाहीत. वादळानंतर ज्याने कोयता व करवत घेतली, पडलेले एकेक खोड तोडून बाजूला केले, तो जितक्या वेळा घाम पुसत होता तितक्या वेळा सब्र करीत होता. जाणते बागायतदार सांगतात की कुजणाऱ्या माडाच्या खोडांत गेंड्या भुंगा वाढतो आणि तो शेजाऱ्याच्या वाचलेल्या माडांवर जातो. म्हणजे आपली वाडी साफ करणे हाही शेजाऱ्याचा हक्क झाला. मुसलमानाने स्वतः नुकसान सोसताना दुसऱ्याच्या नुकसानीस कारण होऊ नये, हे आपल्या दीनचे मूलभूत तत्त्व आहे.

अजाब की आजमाइश?

प्रत्येक मोठ्या संकटानंतर एक प्रश्न विचारला जातो, आणि बहुधा तो सुरक्षित अंतरावर बसलेल्यांकडून विचारला जातो: “या गावावरच हे का आले? लोकांनी काय केले असेल?”

बंधूंनो, हा प्रश्न स्वतःविषयी विचारला तर ते तौबेचे दार आहे. दुसऱ्याविषयी विचारला तर तो अहंकार आहे. सूरह अश-शूरा (आयत ३०) मध्ये सांगितले आहे की माणसावर येणारे संकट त्याच्याच हातांच्या कमाईमुळे येते आणि अल्लाह पुष्कळशा गोष्टी माफही करतो. ही आयत आरशासारखी आहे. आरशात आपण आपलाच चेहरा पाहतो. तो शेजाऱ्यासमोर धरून त्याचे दोष मोजीत बसत नाही.

प्रेषितांचे (स.) आचरण पाहा. आकाशात ढग दाटले वा वारा सुटला की त्यांच्या चेहऱ्यावर चिंता दिसू लागे. हजरत आयेशा (रजि.) यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी आद समाजाची आठवण दिली, त्या लोकांनीही ढग पाहून पाऊस येणार म्हणून आनंद मानला होता (बुखारी, मुस्लिम). वाऱ्याच्या वेळी त्यांना भीती वाटली ती स्वतःच्या आणि आपल्या लोकांच्या जबाबदारीची. आणि ज्या दिवशी त्यांचा पुत्र इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक दोहोंचा संबंध जोडू लागले, तेव्हा सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे असून कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, हे त्यांनी त्या दुःखाच्या घडीलाही स्पष्ट केले. सृष्टीच्या घटनेतून कोणा व्यक्तीविषयी निवाडा काढण्याचा अधिकार आपणाला दिलेला नाही.

शिवाय वादळ मशिदीचे छप्पर आणि मंदिराचे छप्पर वेगळे ओळखत नाही. त्या दिवशी कोळीवाड्यातील होडी, आगरातील पोफळ आणि मोहल्ल्यातील घर एकाच वाऱ्याने मोडले. परीक्षा ज्यांच्यावर आली त्यांची होती, तितकीच ज्यांची छपरे शाबूत राहिली त्यांचीही होती. पहिल्यांना विचारले जाईल: सब्र केला का? दुसऱ्यांना विचारले जाईल: तुमचा शेजारी भिजत असताना तुम्ही कोठे होता?

वाटणीची परीक्षा

वादळानंतर पत्रे, कौले, ताडपत्री, मेणबत्त्या, या साध्या वस्तू दुर्मीळ झाल्या. पावसाळा दारात उभा होता. अशा काळात साठा दाबून ठेवून दुप्पट किमतीला विकणारा व्यापारी स्वतःला हुशार समजतो, प्रेषितांनी (स.) साठेबाजी करणाऱ्यास गुन्हेगार ठरविले आहे (मुस्लिम). सूरह अल-माऊनमध्ये नमाज पढूनही किरकोळ वापराच्या वस्तू अडवून धरणाऱ्यांचा निषेध केला आहे. शिडी, करवत, दोरखंड, विहिरीवरचा पंप, जनरेटरवर फोन चार्ज करण्याची घटकाभर सोय. वादळानंतरच्या गावात हाच ‘माऊन’.

अशअरी कबिल्याची एक सवय हदीसमध्ये आली आहे. प्रवासात किंवा मदीनेत अन्न कमी पडू लागले की ते प्रत्येकाजवळ जे असेल ते एका कापडावर एकत्र करीत आणि एकाच मापाने समान वाटून घेत. प्रेषितांनी (स.) त्यांना आपले म्हटले आणि स्वतःला त्यांचे म्हटले (बुखारी, मुस्लिम). हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हिजरी १८ मध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा जनतेला मिळेपर्यंत त्यांनी तूप व मांस वर्ज्य केले होते. मदत करणारा मदत घेणाऱ्याच्या किती जवळ असावा, याचे हे माप आहे. छायाचित्रासाठी विधवेच्या हाती शिधा ठेवणारा या मापात बसत नाही. उपकार बोलून दाखविल्याने आणि मन दुखविल्याने दान वाया जाते, हे सूरह अल-बकरामध्ये (आयत २६४) स्पष्ट केले आहे.

परीक्षा घेणाऱ्याचीही असते. पंचनामा करावयास तलाठी आला, तेव्हा आपण किती झाडे सांगितली? दहा पडली असता तीस लिहविणारा कोणाला फसवितो? निधी मर्यादित असतो. माझ्या खोट्या वीस झाडांचे पैसे कोणा गरिबाच्या खऱ्या झाडांच्या वाट्यातून जातात.

आणि एक गोष्ट अधिक स्पष्टपणे बोलली पाहिजे, कारण ती आपण बोलत नाही. भरपाई सातबाऱ्यावरील नावाप्रमाणे येते. आपल्या कोकणात कित्येक वाड्यांच्या सातबाऱ्यावर वडिलांनंतर भावांची नावे लागली आणि बहिणींची राहून गेली. काहींची सही घेऊन कमी केली गेली. सूरह अन-निसामध्ये (आयत ७) आईवडिलांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत पुरुषांबरोबर स्त्रियांचाही हिस्सा ठरविला आहे, मग ती संपत्ती थोडी असो वा पुष्कळ, आणि हा हिस्सा अनिवार्य आहे. वाडी उभी होती तेव्हा सुपारीच्या पैशांतून बहिणीला तिचा हिस्सा गेला का? वाडी पडली आणि मदतीची रक्कम खात्यावर आली, तेव्हा तिची आठवण झाली का? अल्लाहजवळच्या नोंदीत तिचे नाव अजून खोडलेले नाही. नवी रोपे लावण्यापूर्वी ज्याने हा जुना हिशेब पुरा केला, त्याच्या वाडीत बरकतीची आशा धरता येईल. दुसऱ्याचा हक्क मातीत दाबून वर लावलेले झाड फळाला आले तरी ते फळ हलाल कसे व्हावे?

उंट बांधून मग भरवसा

काही लोक म्हणतात, “जे व्हावयाचे ते अल्लाहच्या मर्जीने होणार, सावधगिरीने काय होते?” एका ग्रामीण अरबाने उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) त्याला आधी उंट बांधावयास आणि मग भरवसा ठेवावयास शिकविले (तिरमिजी). शाममध्ये रोगाची साथ पसरल्याचे कळताच हजरत उमर (रजि.) वाटेतून परत फिरले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळत आहात का, असे विचारले. अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता (बुखारी).

‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. त्या देशाने या विषयात जे सोसले आणि जे शिकले, ते आपण जाणून घेण्यासारखे आहे. १९७० च्या नोव्हेंबरमधील चक्रीवादळात तेथे किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली. १९९१ च्या एप्रिलमध्ये सुमारे १ लाख ३८ हजार. १९७२ साली तेथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. गावोगावचे स्वयंसेवक, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, ध्वज आणि भोंगे घेऊन घरोघर इशारा पोहोचवितात; मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरूनही तो दिला जातो; उंचावर बांधलेल्या निवाऱ्यांत माणसे हलविली जातात. २०२० च्या मे महिन्यात, रमजानच्या अखेरच्या दशकात, ‘अम्फान’ आले तेव्हा तेथे सुमारे २४ लाख लोक आधीच सुरक्षित जागी पोहोचले होते आणि मृतांची संख्या दोन आकडी राहिली. त्या लोकांचा ईमान १९७० साली कमी नव्हता. त्यांनी उंट बांधावयास शिकून घेतले.

आपल्याकडेही हवामान खात्याचा इशारा आधी मिळाला, होड्या किनाऱ्यावर आल्या, हजारो माणसे हलविली गेली, म्हणून मालमत्तेच्या मानाने जीवितहानी अल्प झाली. ही अल्लाहची कृपा आहे आणि तिचा शुक्र म्हणजे पुढची तयारी. कारण पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, ईदनंतर दोनच दिवसांनी ‘तौक्ते’ने याच किनाऱ्याला पुन्हा तडाखा दिला. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यात उठणारी वादळे वाढली आहेत, असे हवामानाचे अभ्यासक सांगतात. आपल्या जमातीजवळ आज किती ताडपत्र्या आहेत? वस्तीत एकटी राहणारी वृद्ध माणसे कोण, आजारी कोण, याची यादी कोणाजवळ आहे का? मशिदीची पक्की इमारत वादळाच्या रात्री शेजारच्या सर्व धर्मांच्या लोकांसाठी उघडली जाईल, हे ठरले आहे का? या प्रश्नांची उत्तरे जूनच्या आधी तयार असावीत. तीही इबादतच आहे.

हातातील रोप

शेवटी एका हदीसकडे वळू या. मुसनद अहमदमध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या या हदीसचा आशय असा: कियामत ओढवली आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाती खजुरीचे रोप असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावून टाकावे.

विचार करा. कियामतनंतर त्या रोपाला फळ लागणार नाही, त्याच्या सावलीत कोणी बसणार नाही. तरीही लावावे, कारण लावणे हे आपले काम आहे आणि फळ देणे हे त्याचे.

‘निसर्ग’नंतर किनाऱ्यावर अनेक वृद्धांनी पुन्हा रोपे लावली. पोफळीच्या कोवळ्या रोपाला उघडे ऊन सोसत नाही, आणि सावली देणारे माड तर पडलेले. म्हणून आधी केळी लावावयाच्या, त्या वाढल्या की त्यांच्या सावलीत पोफळीचे रोप, आणि मग सहासात वर्षे वाट पाहावयाची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हे कोणासाठी करावे? आपल्या हयातीत ती सुपारी आपण फोडू की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. मुलगा परतून वाडी सांभाळील की नाही, हेही नव्हते. तरी त्याने आळे केले, रोप ठेवले, बिस्मिल्लाह म्हणून माती लोटली. जो मुसलमान झाड लावतो आणि त्यातून माणूस, पशू वा पक्षी खातो, ते त्याच्यासाठी सदका ठरते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (बुखारी, मुस्लिम). त्या वर्षी लावलेल्या पोफळी आता कुठे धरू लागल्या आहेत. ज्यांनी लावल्या त्यांपैकी काही आज आपल्यात नाहीत. त्यांचा सदका चालू आहे.

सब्र कसा असतो, असे आपल्या मुलांनी विचारले, तर त्यांना त्या वाडीत न्यावे.

हे अल्लाह, आमच्या किनाऱ्यावरील घरांचे, होड्यांचे व वाड्यांचे रक्षण कर. वाऱ्यात जे भले आहे ते आम्हाला दे आणि त्यातील अनिष्टापासून आम्हाला आश्रय दे. ज्यांचे नुकसान झाले त्यांना सब्र आणि उत्तम मोबदला दे. ज्यांचे वाचले त्यांना वाटण्याची बुद्धी दे. आमच्या बहिणींचे आणि अनाथांचे जे हक्क आमच्याकडे अडकून पडले आहेत, ते मरणापूर्वी परत करण्याचे बळ दे. आमच्या हातांनी लावलेले रोप आमच्या पश्चात तरी कोणाच्या उपयोगी पडू दे.

आमीन.